खारपाणपट्ट्यातलं लग्न

मे महिन्यात वऱ्हाडात जाऊ नये, हे मला सगळ्यांनी सांगितलं. नवऱ्याने सांगितलं, सुनेने सांगितलं, आणि आमच्या मंडळीच्या सेक्रेटरींनी तर उपासना संपल्यावर चर्चच्या दारात गाठून सांगितलं. अकोल्याचं तापमान ते रोज टीव्हीवर बघत होते आणि जणू आपणच ते चढवत आहोत अशा अभिमानाने मला आकडे ऐकवत होते. पण लग्न विमलच्या मुलीचं होतं. विमल आणि मी नर्सिंगला एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो, एकीच्या चुकीबद्दल दोघींनी मेट्रनची बोलणी खाल्ली. पुढे मी नगरला नोकरी केली आणि ती शांतवनभाऊंशी लग्न करून तेल्हारा तालुक्यातल्या एका खेड्यात गेली. तिथल्याच उपकेंद्रात सुया टोचत निवृत्त झाली. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. आता नाही तर कधी, असं म्हणून निघाले.

परत येऊन घामोळं उतरलं, तेव्हा लिहायला बसले आहे. आमच्याकडचे लोक वऱ्हाड म्हटलं की ऊन आणि कापूस एवढंच सांगतात. मी जे पाहिलं ते दोन्हींपेक्षा निराळं होतं. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत, कारण त्यातल्या एकीने मला बजावलं आहे, "आमचं नाव छापलं त पाह्य!"

अमरावती

आधी अमरावतीला उतरले, कारण तिथे माझी मावसबहीण शालिनी राहते आणि योगायोगाने नवरदेवाचं घर तिच्याच गल्लीत आहे. शालिनीने पहिल्याच संध्याकाळी मला गिला वडा खायला नेलं. दह्या-चटणीत चिंब भिजलेला वडा. तिखट इतका की माझ्या डोळ्यांतून पाणी आणि नाकातून धूर. नगरच्या माणसाला तिखटाचं कौतुक सांगू नये असा माझा समज होता. तो अमरावतीत, एका हातगाडीपाशी, सर्वांसमक्ष संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिनी मला नवरदेवाच्या आईकडे घेऊन गेली. प्रमिलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. घर असं स्वच्छ की चप्पल कुठे काढावी याचीच भीती वाटावी. मुलगा सॅमी हसतमुख, बँकेत नोकरीला. पण तो आईसमोर उभा असताना अजून शाळेच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा दिसायचा.

"तुम्ही मुलीकडच्या," प्रमिलाबाई मला म्हणाल्या. "मग निरोप द्या. आमची माणसं या उन्हातून एवढ्या लांब जाणार. जेवण साधं असलं तरी चालेल. वरण-भात असू द्या. पण हलगर्जीपणा मला चालत नाही."

मी मान डोलावली. मी तीस वर्षं सिस्टर म्हणून वॉर्ड चालवला, पण तिथे मी मान डोलावली.

"आणि मुलगी बोलत नाही हो काही," त्या पुढे म्हणाल्या. "साखरपुड्यात मी तिला तीन गोष्टी विचारल्या. तिन्हींना नुसती मान हलवली. घरात तोंड मिटून बसणारं माणूस मला कळत नाही."

बाहेर आल्यावर शालिनीने खालच्या आवाजात बाकीचं सांगितलं. प्रमिलाबाईंच्या थोरल्या मुलाच्या लग्नात आमरस कमी पडला होता. ती थोरली सून आता दोन पोरांची आई आहे, तरी घरात काही कमी-जास्त झालं की तो रस अजून निघतो. "बाई वाईट नाही," शालिनी म्हणाली, "पण विसरत नाही." एस्तेरची, म्हणजे विमलच्या लेकीची, मला तेव्हाच काळजी वाटायला लागली.

तेल्हाऱ्याच्या वाटेवर

अमरावतीच्या स्टँडवर मला चक्कर आली. सेक्रेटरीसाहेबांनी हे भाकीत केलंच होतं, म्हणून जास्त राग आला. मी खांबाला धरून उभी होते, तेवढ्यात काकड्या विकणारी एक बाई ओरडली, "ओ बाई! काहून उभ्या हा तिथं? इकडे या, सावलीत बसा!" मी काही म्हणायच्या आत तिने हाताला धरून मला आपल्या छत्रीखाली, आपल्याच पोत्यावर बसवलं आणि स्वतः उन्हात उभी राहून धंदा करू लागली.

"डोक्याले काई बांधलं नाई, खिशात कांदा नाई. कोण्या गावच्या तुमी?"

"नगरची."

"मंग बरोबर," ती म्हणाली आणि माझ्या पदराने माझंच डोकं करकचून बांधलं. एक काकडी सोलून हातात दिली. पैसे पुढे केले तर अशी खेकसली की मी पुन्हा पर्समध्ये घातले. पुण्या-नगरकडे आम्ही गोड बोलतो आणि पोतं मात्र देत नाही, असं मला बसमध्ये बसल्यावर वाटलं.

दर्यापूर गेलं, अकोट गेलं. दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडलेली, भेगा अशा की त्यात माझा पाय घोट्यापर्यंत गेला असता. झाडं थोडी. मध्येच एखादी बाभूळ आणि तिच्याखाली दाटीवाटीने उभ्या शेळ्या. तेल्हाऱ्याला शांतवनभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते. मी मागे बसले, डोक्याला पदर बांधलेला, मांडीवर पेटी. कोणीतरी काढलेला हा फोटो नवऱ्याने पाहिला तेव्हा त्याला पाणी पिताना ठसका लागला.

गाव

विमलच्या अंगणात पोचताच तिने मला मिठी मारली आणि पाण्याने भरलेला तांब्या हातात दिला. आमच्याकडे बाहेरून आलेल्याला पाय धुवायला पाणी देतात. मी अंगणाच्या कडेला गेले, चूळ भरली, तोंडावर सपासप पाणी मारलं आणि उरलेलं दोन्ही पायांवर ओतलं. फार बरं वाटलं. वळून पाहते तर सगळं अंगण माझ्या ओल्या पायांकडे बघत होतं.

शेजारच्या ओट्यावर एक उंच, काटकुळी बाई पाट्यावर काहीतरी वाटत बसली होती. तिने कपाळावर हात मारला. "अवं माय! प्यायचं पाणी होतं थे! पाय धुवाले ती बालटी हाय नं तिकडे!"

विमल तिला म्हणाली, "कौसाबाई, राहू दे. तिला काय माहीत."

"माहीत नाई म्हणून तं सांगून राहिली," कौसाबाई म्हणाली आणि पुन्हा वाटायला लागली.

संध्याकाळपर्यंत मला खारपाणपट्टा कळला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या मुलखात जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणा, बोअर मारा, खारंच. त्यात साबणाला फेस येत नाही. कूलरच्या गवतावर मिठाचा पांढरा थर बसतो. आणि डाळ शिजत नाही. तासन्‌तास चुलीवर ठेवली तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. गोड पाणी येतं ते लांबच्या धरणावरून पाइपाने, आठ-दहा दिवसांतून एकदा. त्या दिवशी गाव सगळी कामं सोडून नळापाशी उभं राहतं. मग ते पाणी झाकून, पुरवून, प्यायला आणि डाळीला वापरायचं. पाहुण्याला पहिला तांब्या गोड पाण्याचा देतात. तो मी पायांवर ओतला होता.

कौसाबाईच्या घरी हे सगळं आणखी काटेकोर होतं. तिचा नवरा गुलाबराव साठीचा, अंगाने वाळलेला, पण चेष्टेखोर. त्याच्या किडन्या थकल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलं आहे, खाऱ्या पाण्याचा थेंब पोटात जाता कामा नये. म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात एक रांजण आहे, वर लाकडी झाकण, तो फक्त गुलाबरावाचा. कौसाबाई स्वतः खारं पाणी पिते. मी तिला नर्सच्या अधिकाराने रागावले, तर ती म्हणाली, "मले काई होत नाई. लहानपणापासून हेच पिऊन राहिली."

गुलाबराव मला हळूच म्हणाले, "मी बायकोले भेत नाई, बाई. त्या रांजणाले भेतो. त्याचं झाकण वाजलं की हिले शेतातून ऐकू येते."

हळदीच्या दिवशी मात्र हेच अंगण असं खुललं की मी उन्हाला विसरले. या गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. पण हळद लावायला गावातल्या सगळ्या आळ्यांतून बाया आल्या. कौसाबाई गाण्यात पुढे. आमच्या बायांनी उपासनेतलं गीत म्हटलं की तिने जात्यावरचं म्हणायचं, आणि दोन्हींना टाळ्या त्याच. जेवायला रोडगे होते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून तुपात बुडवलेले, आणि वांग्याची भाजी. मी तीन खाल्ले. चौथा गुलाबरावांनी आग्रह करून वाढला आणि त्याला नाही म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं.

एस्तेर खरंच कमी बोलायची. मी तिला विचारलं, "सासूबाईंना घाबरतेस का गं?" तिने मान हलवली, हो अशी. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, मला उत्तर येतं. पण ते तोंडात येईपर्यंत समोरचं माणूस पुढे गेलेलं असतं."

वावधन

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वादळ झालं. तिकडे त्याला वावधन म्हणतात. आकाश पिवळं झालं, मग काळं, आणि मग धुळीची एक भिंतच गावावर चालून आली. मांडवाचं कापड उडून शेजारच्या निंबावर जाऊन बसलं. दोन खांब आडवे झाले. पाऊस म्हणावा तर चार टपोरे थेंब, तेवढेच. कोणाला लागलं नाही, म्हणून आम्ही देवाचे आभार मानले आणि मांडव पुन्हा उभा करायला लागलो. खरी गोष्ट शांतवनभाऊंनी सांगितली तेव्हा समजलं.

वीज गेली होती, आपल्या गावाचीच नाही, सगळ्या पट्ट्याची. वीज नाही म्हणजे धरणावरचे पंप बंद. त्या संध्याकाळी यायचा नळ येणार नव्हता. तेल्हाऱ्याहून प्यायच्या पाण्याचे जार सांगितले होते, तर जार भरणाऱ्याचं यंत्रही विजेवर. शांतवनभाऊ मोटरसायकलवर जाऊन बघून आले. दुकानाला कुलूप, आणि अकोटच्या रस्त्यावर झाडं पडलेली. टँकर भरायचा तरी कुठून? फोन लागत नव्हते, त्यामुळे अमरावतीला काही कळवण्याची सोय नव्हती. उद्या दुपारी प्रमिलाबाई आपली माणसं घेऊन भर उन्हात येणार, आणि आमच्याकडे दोन पिंप गोड पाणी. तेवढं घरच्या पाहुण्यांनाच पुरलं नसतं.

विमल चुलीपुढे बसली. आचारी विचारत होता, "डाळ भिजत घालू का, बाई?"

"खाऱ्या पाण्यात डाळ शिजणार नाही, निर्मला," ती मला म्हणाली. "भातही पिवळा पडतो. आणि प्यायला काय देऊ? त्या बाईंनी रस बारा वर्षं लक्षात ठेवलाय. माझी पोर आधीच मुकी. तिला जन्मभर हे ऐकावं लागेल."

आम्ही दोघींनी प्रार्थना केली. मी प्रामाणिकपणे लिहिते, माझ्या प्रार्थनेत टँकर होता. मी परमेश्वराला टँकरची वाटही सुचवली, अकोल्याकडून आणावा म्हणून. शेजारच्या ओट्यावर कौसाबाई बसली होती. आमची प्रार्थना संपल्यावर ती उठून कुठेतरी निघून गेली.

लग्नाचा दिवस

पहाटे भांड्यांच्या आवाजाने जाग आली. मला वाटलं आचारी उठले. बाहेर येऊन पाहते तर अंगणात बाया उभ्या. कोणाच्या डोक्यावर घागर, कोणाच्या कमरेवर कळशी, दोघी मिळून धरलेला एक हंडा. फटफटत होतं, आणि गल्लीच्या वळणावरून आणखी येत होत्या. रात्री कौसाबाई घरोघर जाऊन सांगून आली होती एवढंच, "एस्तूच्या लग्नाले गोड पाणी पायजे."

नळ परत कधी येणार हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. तरी प्रत्येकीने आणलं होतं. अंगणात भांड्यांची रांग लागली. बहुतेकांवर नावं कोरलेली, कोणाच्या लग्नात कोणत्या मामाने दिलं ते. आचाऱ्याने घाईत नावं न बघता पिंपात ओतायला सुरुवात केली, तर एक म्हातारी त्याला म्हणाली, "पाणी कोणाचंही घे रे बाबा, घागर मात्र माही मले दे."

विमल रडत होती आणि एकेकीला हात लावत होती. मी घागरी उतरवून घेत होते. आमच्या लोकांत लग्नाला आशीर्वाद द्यायला पुष्कळजण येतात. ओल्या चुंबळीवर आशीर्वाद घेऊन आलेल्या बाया मी पहिल्यांदा पाहिल्या.

सगळ्यांत शेवटी कौसाबाई आली, डोक्यावर मोठा हंडा. विमलने तो बघितला आणि तिचं रडणं थांबलं.

"हे कोणतं पाणी?"

"पाणी म्हणजे पाणी. उतरव."

"कौसा, हे गुलाबभाऊंचं आहे. मी घेणार नाही. मी नर्स आहे, मला कळत नाही का?"

"त्याच्यापुरतं ठेवलं हाय वेगळं," कौसाबाई म्हणाली. "हात दुखून राहिले, उतरव नं वं."

"परत घेऊन जा."

कौसाबाईचा चेहरा बदलला. हंडा तसाच डोक्यावर ठेवून ती म्हणाली, "पाह्य विमल. साऱ्या गावाचं घेतलं, अन् माहं नाई घेत. मंग उद्या मले काई लागलं त मी कोण्या तोंडानं तुह्या दारात येऊ?"

आम्ही दोघींनी मिळून हंडा उतरवला. गुलाबरावांसाठी ठेवलंय ना, हे विमलने पुन्हा दोनदा विचारलं, आणि कौसाबाईने दोनदा हो म्हटलं.

डाळ शिजली. ते वरण घट्ट, पिवळं, वर तुपाची धार घेऊन जेव्हा पातेल्यातून वाढायला निघालं, तेव्हा आचारीच टाळ्या वाजवायचा बाकी होता.

वऱ्हाड अकोल्याचा वळसा घेऊन भर दुपारी आलं. लहानसं चर्च माणसांनी आणि उकाड्याने भरून गेलं. वीज नव्हती म्हणून पंखे नव्हते. लोक लग्नपत्रिकांनी वारा घेत होते. पाळकसाहेब तरुण. लग्नघरात द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, तो शास्त्रभाग त्यांनी वाचला, जो आमच्या प्रत्येक लग्नात वाचतात आणि ज्यावरची प्रवचनं मला पाठ आहेत. पण त्यांनी पुस्तक मिटलं, मागच्या दाराशी उभ्या असलेल्या गावातल्या बायांकडे बघितलं आणि म्हणाले, "यावर आज मी काय बोलू? आपण सगळे पाहून आलो आहोत." आणि थेट वचनं घ्यायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं प्रवचन होतं, आणि मला ते अजून पुरतं आहे.

पंगतीत प्रमिलाबाईंच्या मागे मी स्वतः उभी होते. त्यांनी वरण कालवलं, एक घास घेतला, मग आणखी मागितलं. "डाळ चांगली शिजलीये," एवढंच बोलल्या. विमल आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, संपलं, पार पडलं.

निघायची वेळ झाली. बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती, माणसं चढत होती. एस्तेर पांढऱ्या साडीत सगळ्यांचा निरोप घेत घेत कौसाबाईच्या घरात गेली. तिथे ती लहानपणापासून मोकळी वावरलेली. मी तिच्या मागोमाग दारात उभी होते. गुलाबराव खाटेवर पडले होते. तिने त्यांना नमस्कार केला आणि सवयीने रांजणाचं झाकण उचललं, जाता जाता त्यांना पेलाभर पाणी द्यावं म्हणून.

रांजण कोरडा होता. तळाला ओलही नव्हती.

"काका, तुम्ही सकाळपासून काय प्यायलात?"

गुलाबराव हसले. "लग्नाच्या दिवशी कोणी पाणी पेते का, पोरी?" पण त्यांचे ओठ सुकून फुटले होते.

एस्तेर तिथून सरळ बसकडे गेली. मला वाटलं ती विमलला सांगणार. ती बसच्या पायरीवर उभ्या असलेल्या प्रमिलाबाईंपुढे जाऊन थांबली. विमलने माझा दंड धरला, नखं रुतली. "आता ही काय बोलते?"

"आई," एस्तेर म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "बसमध्ये पाण्याचे जार आहेत ना? ते इथे उतरवायचे."

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ते परतीसाठी आहेत. का उतरवायचे?"

"त्या घरात काका आजारी आहेत. त्यांना खारं पाणी चालत नाही. त्यांचं पाणी आज आपल्या वरणात गेलं. सगळंच गेलं."

"आणि आपली माणसं? लहान मुलं आहेत बसमध्ये."

"आपण थांबू शकतो," एस्तेर म्हणाली. "काका नाही थांबू शकत."

बसमधलं गाणं बंद पडलं. लग्नाला दोन तास झाले नव्हते, आणि मुकी म्हणून ठरलेली सून सासूकडून काहीतरी मागत होती, तेही दुसऱ्याच्या घरासाठी. मी वॉर्डात मोठी माणसं रडताना पाहिली आहेत, भांडताना पाहिली आहेत. इतकं धैर्य थोड्यांत पाहिलं.

प्रमिलाबाई खाली उतरल्या. कौसाबाईच्या घरात गेल्या, रांजणात वाकून पाहिलं, गुलाबरावांकडे पाहिलं. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सॅमी, कोट काढ."

नवरदेवाने कोट काढला, टाय मागे टाकला आणि पहिला जार खांद्यावर घेतला. मग त्याचे मित्र उतरले. कौसाबाई मध्ये आडवी आली. "काहून करून राहिले हे? लेकरं तहानतील नं तुमची!"

"तहानतील थोडी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "अकोला काही विलायतेत नाही. बाजूला व्हा."

विमलपाशी त्या येऊन उभ्या राहिल्या. "पाण्याचं मला का नाही सांगितलं?"

विमल खरं बोलली. "भीती वाटली."

"हं," प्रमिलाबाई म्हणाल्या. पदराने कपाळ पुसलं. "वाटते लोकांना माझी भीती. मला ठाऊक आहे." आणि त्यांनी, सगळ्यांच्या देखत, विमलचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

अकोला

अकोटचा रस्ता झाडांनी बंद होता, म्हणून वऱ्हाड अकोल्यावरूनच परतणार होतं. माझी गाडीही अकोल्याहून, तेव्हा मी त्याच बसमध्ये चढले. बाहेर ऊन आग ओकत होतं. एक बारकी पोरगी दर पाच मिनिटांनी पाणी मागायची आणि तिला कोणी गोळी, कोणी बडीशेप द्यायचं. गाणी म्हणून पाहिली, पण घशाला कोरड पडली तेव्हा ती थांबली. तक्रार मात्र कोणी केली नाही. प्रमिलाबाई पुढच्या सीटवर ताठ बसून होत्या; त्यांच्यासमोर तक्रार करणार कोण?

मी खिडकीतून ती भेगाळलेली रानं पाहत होते. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. प्रेम, त्याग, शेजारधर्म हे शब्द मी रविवारी इतक्यांदा ऐकले आहेत की ते कानावरून जातात. कौसाबाई आमच्या चर्चच्या दाराच्या आत कधी आली नाही, तिचे देव निराळे आहेत. पण तिने तो हंडा डोक्यावरून उतरवायला लावला तेव्हा माझा विश्वास बळकट झाला, आणि एस्तेरने तोंड उघडलं तेव्हा आणखी. हे मी उघड सांगते, आमच्या सेक्रेटरींनाही सांगितलं आहे.

अकोल्यात शिरल्या शिरल्या एका दुकानासमोर पाणपोई दिसली. ओली फडकी गुंडाळलेले माठ, आणि शेजारी स्टुलावर बसलेला एक म्हातारा. बस थांबायच्या आत पोरं दाराशी गेली. प्रमिलाबाईंनी त्यांना हाताने थोपवलं आणि त्या पहिल्या उतरल्या. मोठ्या, मुलाच्या आई. पहिला मान त्यांचाच. म्हाताऱ्याने काठोकाठ पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्या तो घेऊन वळल्या आणि गर्दीतून वाट काढत मागे उभ्या असलेल्या एस्तेरपाशी गेल्या.

"घे. आधी तू."

"आई, तुम्ही घ्या ना."

"एकदा सांगितलं की घ्यायचं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि घरात अशीच बोलत जा."

एस्तेर प्याली. मग पोरं प्याली, मग म्हातारी माणसं, मग सॅमी, घामाने भिजलेल्या शर्टात. प्रमिलाबाई सगळ्यांचं झाल्यावर प्याल्या.

माझ्या हातात पेला आला तेव्हा तो इतका गार होता की बोटं सुखावली. ओठांपर्यंत नेला आणि थांबले. जेवणाआधी मी आयुष्यभर प्रार्थना केली आहे. पाण्याआधी त्या दिवशी पहिल्यांदा केली.